चालत आणलेला मासा

भाद्रपदात गौरी जेवून परत गेल्या, भाताच्या लोंब्यांत दूध भरायला लागलं, की माझ्या जिभेला आपोआप खारट चव येते. डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, आजोबा, रक्तदाब बघू. मी म्हटलं, बघ. रक्तदाब व्यवस्थित निघाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, ही चव पन्नासच्या वर वर्षांची आहे. ती गोळीनं जायची नाही, आणि जाऊही नये.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तरांनी हात पुढे कर म्हटलं, मी केला नाही आणि घरी आलो, तो आलोच. त्यामुळे बोलतो तसंच लिहितो. ऱ्हस्व-दीर्घ नात बघते, पण शब्द बदलायचा नाही अशी तिला ताकीद आहे.

ही नात, स्वाती, अंबरनाथला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. परवा सुट्टी होती म्हणून ती एक पेटी घेऊन आमच्या सोनिवलीच्या घरामागच्या तळ्यावर जाऊन बसली. पेटीतून एकेक हत्यार बाहेर निघालं. एक काडी बुडवली की पाण्यात क्षार किती ते आकड्यात दिसतं. दुसऱ्या काडीनं पाण्यात विरघळलेला प्राणवायू. तिसरीनं ऊन-गार. शेवटी दोरीला बांधलेली एक थाळी, काळी-पांढरी रंगवलेली. ती पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, म्हणजे पाणी किती गढूळ ते कळतं.

मला हसू आलं.

"काय झालं आबा?"

"हे सगळं तुझी आजी करायची. पेटीशिवाय."

"कशानं करायची?"

"जिभेनं आणि कोपरानं. आणि ही थाळी तर तिच्या पायातच होती."

तिला खोटं वाटलं. पण खरं आहे. चांगुणा गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि खाली मान घालून स्वतःच्या पायातली जोडवी बघायची. जोडवी लख्ख दिसली तर म्हणायची, पाणी उपाशी आहे, यात माशाला खायला काही नाही. अजिबात दिसली नाही तर म्हणायची, पाण्याचं पोट बिघडलंय. हिरवट पाण्यातून जोडवी नुसती चमकून गेल्यासारखी दिसली, की तिचं समाधान व्हायचं. मी पुढची पन्नास वर्षं तिला तशी उभी राहिलेली बघितली. मान खाली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

ती खाडीकाठची. कल्याणच्या खाली, जिथं समुद्राची भरती दिवसातून दोनदा घराच्या मागच्या बांधापर्यंत येते, तिथल्या मिठागरवाल्याची मुलगी. आम्ही नदीकाठचे, गोड्या पाण्याचे. आमच्याकडे पाण्याला दोनच शब्द, चांगलं आणि वाईट. तिच्याकडे पाण्याचे इतके शब्द होते की मला सुरुवातीला राग यायचा. खारं, निमखारं, मचूळ, तुरट, अळणी, आणि एक "कुस्करलेलं", म्हणजे ओहोटीच्या वेळी चिखलातून परत फिरलेलं. आमच्या विहिरीचं पाणी पहिल्या दिवशी तिनं तोंडात घेतलं आणि सासूसमोर म्हणाली, "अलनी हाय." आमच्या विहिरीला कोणी नाव ठेवल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

माझ्या आयनं तेव्हाच निकाल दिला. "खाडीची पोर. गोड्या पान्यात टिकायची नाय."

लग्न वैशाखात झालं. आषाढापर्यंत चांगुणा निम्मी झाली. नदीचे मळ्ये मासे तिला गवतासारखे लागायचे. एकदा मी विचारलं, तुमच्याकडे असं काय मोठं खातात? ती म्हणाली, जिताडा. सांगताना तिच्या तोंडाला पाणी सुटलं ते मला दिसलं. हा मासा खाडीत जन्मतो, पण त्याची बोटभर पिल्लं पावसाळ्यात उघाडीपाशी, म्हणजे बांधाला पाणी सोडायचं दार असतं तिथं, सापडतात. ती धरून तिच्या गावचे लोक घरामागच्या गोड्या तळ्यात वाढवतात. दोन वर्षांत हाताएवढा होतो.

"मग आपल्याकडे पण तळं आहे," मी म्हणालो. "मी आणतो."

"तुमाला नाय जमायचा."

हे मला म्हणायचं नसतं. मास्तरांनीही तीच चूक केली होती.

श्रावणात मी एकटा गेलो. रुखवतातली तांब्याची कळशी घासून नेली, जावई म्हणून शोभली पाहिजे. सासऱ्यांकडून कळशीभर पिल्लं घेतली. त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण मी गाडी चुकेल म्हणून निघालो. कल्याणला आगगाडीत बसलो, बदलापूरला उतरलो, आणि सकाळी खाडीत असलेली पिल्लं दुपारच्या आत आमच्या तळ्यात ओतली. अख्खी कळशी एका झटक्यात उपडी केली. चांगुणा घरातून धावत आली तेव्हा मी छाती काढून उभा होतो.

ती काठावर बसली. पाण्याकडे बघत राहिली. पिल्लं सुरुवातीला गोल गोल फिरली, मग तिरकी झाली, मग एकेक पांढरं पोट वर. तिन्हीसांजेपर्यंत सगळं तळं पांढऱ्या टिकल्यांनी भरलं.

आता चूक कोणाची ते स्पष्ट होतं. म्हणून मी तिलाच ओरडलो. तुझ्या खाडीचे मासेच नाजूक, तुझ्यासारखे, असं काहीतरी बोललो. आयनं आतून "मी म्हनलं व्हतं" म्हणून भर घातली. भाद्रपदात गौरीसाठी चांगुणा माहेरी गेली. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. चांगुणा परत आली नाही. निरोप आला, तिकडचं पाणी मानवत नाही.

स्वातीनं परवा मला याची शास्त्रीय कारणं सांगितली. खाऱ्यातून एकदम गोड्यात टाकलं की माशाच्या अंगातलं मीठ बाहेर आणि बाहेरचं पाणी आत, शरीराला ताळमेळ साधायला वेळच मिळत नाही. शिवाय तांबं माशाला विषासारखं. शिवाय कळशीत कोंबलेली पिल्लं, प्राणवायू संपलेला. "तीन-तीन चुका केल्यात, आबा." मी म्हटलं, चौथी तुझ्या यंत्रात दिसायची नाही.

गौरीनंतर आठव्या दिवशी मी सासुरवाडीला गेलो. ओटीवर सासरे बसले होते. मिठागरावर उभं राहून राहून त्यांच्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी पाणी दिलं, पान दिलं, आणि भरल्या ओटीवर विचारलं,

"काय जावयबापू, माशांला न्यायला आलाव, का लेकीला?"

"माशांना," मी म्हणालो.

सगळी ओटी हसली. माझे कान तापले, पण शब्द मागे घेतला नाही. अजूनही घेतलेला नाही. मी माशांसाठीच गेलो होतो.

आतून आवाज आला. "बाबा, मासे द्या त्यांना. पन आगगाडीनं नेनार आसतील तर एक बी देऊ नका. मासा चालत न्यायचा आसतो."

"मासा काय पायानं चालतो?" मी ओरडलो.

"तुमचे पायानं," आतून उत्तर आलं.

पुन्हा ओटी हसली. मग चांगुणा दारात आली. तिनं माझ्याकडे न बघता बापाला सांगितलं. "वाटंवर गावोगावचा पानी चाखून मडक्यात घालाया लागतो. यांच्या जिबंला कललं, तर मासे जगतील. ते कलायचा नाय, म्हनून मी तल्यापरेंत जाते. आठ दिस रहाते. मासे जगलं तर बघू. मेलं, तर मी माजे वाटंनं परत."

अट अशी ठरली. बत्तीस पिल्लं, दोन मातीची मडकी, सासऱ्यांची कावड आणि मी बैल.

पहाटे निघालो. मडक्यांच्या तोंडाला ओलं फडकं. चांगुणा पुढे, हातात लोटा. कल्याण यायच्या आत तिनं मला पहिल्यांदा थांबवलं. ओढ्याचं पाणी तोंडात घेतलं, गालात फिरवलं, थुंकलं. "निमखारा. चालंल." प्रत्येक मडक्यातून एक लोटा काढला, एक लोटा घातला. मग मडक्यात कोपर बुडवून दोन्ही पाण्यांचं ऊन-गार बघितलं. मला वाटलं झालं. तर ती खाली बसली. "बसा. त्यांना कलू द्या."

शहाडला नदी लागली. तिथलं पाणी मीही चाखलं, गोडं, पण तळाशी खाऱ्याची किंचित आठवण असलेलं. इथं दोन लोटे. पुन्हा बसा. आयुष्यात मी इतक्या वेळा बसलो नव्हतो. माझ्या डोक्यात सारखं चाललेलं, एव्हाना आगगाडी दोनदा बदलापूरला पोचली असती. पण बसलं की बोलणं होतं. आमचं तोवर बोलणं असं झालंच नव्हतं. लग्नाला चार महिने, आणि त्या दिवशी मला कळलं की तिला विहिरीचं भय वाटतं, कारण तिच्या गावी विहीरच नाही. असं खोल, कोंडलेलं पाणी तिनं कधी बघितलेलं नव्हतं. तिचं पाणी रोज यायचं आणि जायचं.

भादव्याचं ऊन फार वाईट. कॅम्पात पोचलो तेव्हा ते डोक्यावर होतं. सिंधी लोक येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. आजच्या उल्हासनगरला आम्ही नुसतं कॅम्पच म्हणायचो. लष्करानं सोडलेल्या लांबलचक बराकी, गोणपाट लावून केलेल्या खोल्या, आणि नळावर भांड्यांची ही रांग. चांगुणानं फडकं सोडलं, तर पिल्लं वर आलेली. तोंडं पाण्याबाहेर काढून चुप् चुप् करत होती.

"पान्यातला वारा सपला," ती म्हणाली. लोट्यानं पाणी उचलून कमरेच्या उंचीवरून धार सोडायला लागली, म्हणजे वारा मिसळतो. पण पाणीच तापलं होतं. गार पाणी हवं होतं, लगेच.

मी नळाकडे धावलो. बायकांनी माझी अवस्था बघून पुढे जाऊ दिलं. लोटा भरून आणला. चांगुणानं जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं. "नको. नाकात जातंय. यात कायतरी घातलाय."

"सरकारी नळ आहे. साहेबलोक पितात."

"पिऊ देत. मासे पित नाय."

मला तिथं, त्या रांगेतल्या शंभर डोळ्यांसमोर, बायकोचं ऐकायचं नव्हतं. मी लोटा मडक्यावर धरला. तेवढ्यात मागून कोणीतरी माझं मनगट घट्ट पकडलं.

"मत डालो साईं! सब मर जाएगी!"

काटकुळा माणूस, पायजमा, डोक्यावर टोपी, हाताला पापडाचं पीठ. नाव हासोमल. तो बराकीच्या पडवीत पापड लाटून विकत असे. त्यानं सांगितलं, नळाच्या पाण्यात डॉक्टर लोक रोगराईसाठी दवा टाकतात. दवा ताजी असली की मासा खलास. "एक दिन खुला रखने का. उड़ जाती है." एवढं बोलून तो आत गेला आणि आपल्या घरचं पिण्याचं मडकं उचलायला लागला. कालचं, उघडं ठेवलेलं, गार.

त्याची बायको आत सिंधीत काहीतरी बोलली. मला एक शब्द कळला नाही, पण सगळं कळलं. घरातलं पिण्याचं पाणी ते तेवढंच, आणि रांग अशी. हासोमलचे हात मडक्यावरच थांबले. मग ती बाई स्वतः बाहेर आली. तिनं आमच्या मडक्यात वाकून बघितलं, मग चांगुणाकडे बघितलं, उन्हानं लाल झालेल्या तिच्या तोंडाकडे. आत गेली, आपलं मडकं घेऊन आली आणि स्वतःच्या हातानं पाणी घालायला लागली. बारीक धारेनं, थांबून थांबून. कोणी शिकवल्याशिवाय.

पिल्लं हळूहळू खाली गेली.

हासोमल मडक्याशी उकिडवा बसला होता. म्हणाला, "हमारे सिंधु में पल्लो आता है. समुंदर की मछी, मीठे पाणी में चढ़ती है. लेकिन कैसे? धीरे धीरे. दो कदम आगे, फिर रुकती है." मग त्यानं बराकींच्या रांगेवरून हात फिरवला आणि हसला. "और हमको? जहाज में भरा, और इधर एक लोटे में उलट दिया."

चांगुणाला हिंदी कळत नव्हती. तिनं विचारलं, ते काय बोललं? मी सांगितलं. मग तिच्या आईनं वाटेसाठी बांधून दिलेल्या सोड्यांची पुरचुंडी तिनं सोडली आणि सगळीच्या सगळी त्या बाईच्या ओंजळीत ओतली. वाळलेली कोळंबी. त्या बाईनं ती नाकाशी नेली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. समुद्राचा वास होता तो. मी दुसरीकडे बघितलं.

मुक्काम अंबरनाथला माझ्या मावशीकडे केला. वालधुनी नदीचं पाणी तेव्हा ओंजळीनं प्यावं असं होतं. देवळाच्या कडेनं वाहायची, काळ्या दगडांवरून, आणि चांगुणानं ते गालात फिरवून पहिल्यांदाच थुंकलं नाही, गिळलं. दुसऱ्या दिवशी बदलापूरला पुन्हा नदी, पुन्हा लोटे, पुन्हा बसा. शेवटी शेवटी मला थांबवावं लागेना. बसायची जागा आली की माझेच पाय थांबायचे.

तळ्यावर आलो तेव्हा आय कमरेवर हात ठेवून उभी होती. मी सवयीनं मडकं उपडं करायला गेलो.

"ढकलू नका," चांगुणा म्हणाली. तिनं मडकं गळ्यापर्यंत पाण्यात बसवलं, तळ्याचं पाणी लोट्या-लोट्यानं आत घातलं, मग अलगद तिरकं केलं आणि हात काढून घेतला. "दार उघडा हाय. ज्याला जायचा तो जाईल. जातील तवा जातील."

आय म्हणाली, "काय नखरं माशांचं!" पण हलली नाही. उभी राहून बघत राहिली. पहिलं पिल्लू बाहेर आलं, परत आत गेलं. मग दोन आली. एक मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत मडक्यातच बसलं होतं, आणि चांगुणा त्याच्याशेजारी पाण्यात पाय सोडून.

ते आठ दिवस मला कोणी परत दिले तर मी घेणार नाही. दर सकाळी उजाडताच मी तळ्यावर, ती उठायच्या आत. चौथ्या दिवशी एक पिल्लू पोट वर करून तरंगताना दिसलं. मी ते गुपचूप काढलं, केळीच्या बुंध्याशी पुरलं, माती पायानं दाबली. न्याहारीला बसलो तर चांगुणा भाकरी वाढता वाढता म्हणाली,

"केलीखाली काय पुरलाव?"

"काही नाही."

"एक मेला तर मेला. बाकीचे फिरतात. जेवा."

नवव्या दिवशी ती लवकर उठली. लुगडं बदललेलं होतं. मी ओटीवर बसून दोरी वळत होतो, म्हणजे वळल्यासारखं करत होतो. तिनं भिंतीला टेकवलेली सासऱ्यांची कावड उचलली, माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाली,

"ही बाबांची कावड. कुनी तिकडं जानारा आसंल, तर त्याचे हाती पाठवा."

एवढंच. आणि आत जाऊन चूल पेटवली. मी ती कावड धरून किती वेळ बसलो होतो ते आय पुढे सगळ्या गावाला सांगायची.

दोन वर्षांनी पहिला मोठा जिताडा काढला. तो आम्ही खाल्ला नाही. केळीच्या पानात गुंडाळून कॅम्पात नेला, हासोमलच्या बराकीत. त्याच्या बायकोनं तो बघितला आणि त्या दोघी एकमेकींशी बोलत बसल्या, एक सिंधीत, एक आगरीत, तासभर. काय बोलल्या कोण जाणे. हासोमल मला म्हणाला, "देखा साईं, टिक गई." माशाबद्दल म्हणाला की कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. आमच्या विहिरीच्या पाण्याला चांगुणानं त्यानंतर कधी नाव ठेवलं नाही. चांगलं म्हणाली असंही नाही. पण एकदा माहेरी चार दिवस राहून आली आणि घरात पाऊल टाकताच तांब्याभर पाणी घटाघट प्यायली, तेव्हा मी आयकडे बघितलं. आयनं तोंड फिरवलं.

मी कोणाचे उपकार मानणारा माणूस नाही. मास्तरांचे मानले नाहीत, देवाचे सुद्धा जपूनच मानतो. पण मनगट पकडणाऱ्या त्या पिठाच्या हाताचे मानतो. आपलं पिण्याचं पाणी दुसऱ्याच्या माशाला घालणाऱ्या बाईचे मानतो. आणि मला सहा ठिकाणी खाली बसवणाऱ्या बायकोचे तर कसे फेडू, तेच कळलं नव्हतं. संधी मिळाली ती तिच्या मागे.

चांगुणा गेली त्याला आता चार वर्षं झाली. भाद्रपदच होता. मी म्हटलं, अस्थी खाडीत सोडायच्या, तिच्या गावच्या. मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी काढतो, तासाभरात जाऊन येऊ."

"गाडीनं नाही," मी म्हणालो.

"मग?"

"चालत."

घरात सगळ्यांनी समजावलं. वय, गुडघे, रस्त्यावरची रहदारी. मुलगा शेवटी चिडून म्हणाला, कशासाठी हा हट्ट? मी सांगितलं, ती इतकी वर्षं गोड्यात होती. आता खाऱ्यात जायची आहे. एकदम कशी नेऊ?

तो उठला. चपला घातल्या आणि माझ्याबरोबर निघाला.

बदलापूरला नदीवर बसलो. फडक्यानं बांधलेल्या अस्थींच्या मडक्यावर चार थेंब शिंपडले. अंबरनाथला वालधुनीचं शिंपडलं नाही, आज ती तशी राहिलेली नाही, चांगुणानं चाखून मलाच शिव्या घातल्या असत्या. मावशीच्या नातवाच्या घरातलं घेतलं. कॅम्पात बराकीच्या जागी दुकान झालं आहे. हासोमलचा मुलगा गल्ल्यावर होता, त्याचेही केस पांढरे. त्यानं मला ओळखलं, मडकं बघितलं. काही न विचारता आतून पाण्याचा पेला आणला. म्हणाला, "कल का है, काका. खुला रखा हुआ." त्याला बापानं सांगून ठेवलं असणार. शहाडला पुन्हा नदी. प्रत्येक ठिकाणी आम्ही बसलो. मुलाचं आणि माझं इतकं बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं.

खाडीवर पोचलो तेव्हा भरती लागली होती. पाणी बांधापर्यंत आलेलं. मी जीभ लावून बघितलं. निमखारं, पुढे खारं. मग गुडघाभर पाण्यात उतरलो, मडकं गळ्यापर्यंत बुडवलं, थोडं थोडं पाणी आत येऊ दिलं आणि अलगद तिरकं केलं.

काठावरून कोणीतरी ओरडलं, "आजोबा, उपडं करा ना!"

मी केलं नाही. दार उघडं ठेवून उभा राहिलो.